वाईट दिवसाची मोजपट्टी

खानदेशात बेटं आहेत म्हटलं तर जळगावचा माणूस हसेल. धुळ्याचा माणूस पांझरेच्या पात्राकडे बोट दाखवून विचारेल, इथे पाणीच दिसत नाही तर बेट कुठून आणता? दोघांचंही चूक नाही. समुद्र बघायचा तर इकडची मंडळी सुरतेची गाडी पकडून डुमसला जातात, नाहीतर सरळ मुंबई गाठतात. पण १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्याची उत्तर हद्द थेट नर्मदेला भिडत होती. महाराष्ट्राच्या वाट्याला या नदीचा चोपन्न किलोमीटरचा काठ आला आहे, आणि तो सगळा अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत आहे. सरदार सरोवराचं पाणी तिथे चढलं तेव्हा सातपुड्याच्या डोंगरांच्या माना बुडाल्या आणि डोकी वर राहिली. त्या डोक्यांवर पाडे आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत. पाणी भरलं की यातल्या काहींच्या चारी बाजूंनी पाणी असतं, काहींच्या तीन बाजूंनी, आणि चौथ्या बाजूला असा डोंगर, की त्यापेक्षा पाणी परवडलं. सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी या जागांना टापू म्हणतात.

विस्थापनाचा इतिहास इथे पुन्हा सांगायचा नाही. काठावरचं मणिबेली गाव १९९३च्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागलं, त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँकेच्या उरलेल्या कर्जावर भारताने पाणी सोडलं, आणि पुढच्या वर्षी जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध जो जाहीरनामा काढला त्याला नावच मणिबेलीचं दिलं. हे सगळं लिहून झालेलं आहे. मला प्रश्न पडतो तो पुढचा. जे तिथेच राहिले, किंवा तळोदा-शहाद्याच्या वसाहतींतून काठावर येऊन-जाऊन राहतात, त्यांचं बरं चाललंय की वाईट, हे कळायचं कसं? कुठल्या मापाने?

हाच प्रश्न जगातल्या खऱ्याखुऱ्या बेटांना गेली तीस-चाळीस वर्षं छळतो आहे. त्यातला सर्वात बोलका किस्सा मालदीवचा. दरडोई उत्पन्न वाढलं, साक्षरता उत्तम, पर्यटन जोरात. तेव्हा या देशाला ‘अत्यल्प विकसित’ यादीतून वर काढायचं असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर २००४ला केला. सहा दिवसांनी, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून जास्त नुकसान काही तासांत झालं. बढती पुढे ढकलावी लागली; ती अमलात यायला २०११ उजाडलं. मोजणाऱ्यांनी आकडे खोटे घेतले नव्हते. सरासरी बरोबर होती. पण सपाट बेटावर वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस कसे जातात याला फारसा अर्थ नसतो, उरलेल्या एका दिवशी काय होतं यावर सगळं ठरतं. असं काहीतरी मोजायला हवं हे आमसभेला कळायला आणखी वीस वर्षं लागली. बेटांचा कमकुवतपणा उत्पन्नापलीकडे जाऊन जोखणारा बहुआयामी निर्देशांक तिने ऑगस्ट २०२४मध्ये स्वीकारला.

मालदीवच्या त्या सहा दिवसांची गोष्ट डोक्यात ठेवून अक्कलकुव्याकडे वळलं तर पहिला आकडा समोर येतो तो १३८.६८. सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी, मीटरमध्ये. या आकड्याएवढा बारकाईने मोजलेला आकडा नर्मदेच्या खोऱ्यात दुसरा नसेल. पावसाळ्यात धरणाची पातळी सेंटिमीटरपर्यंत रोज जाहीर होते. २०१७च्या सप्टेंबरात प्रकल्पाचं लोकार्पण झालं, आणि सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. त्याची बातमी सगळ्यांनी वाचली.

दुसरा आकडा फारसा कोणी वाचत नाही : ११०.६४. याच्या खाली पाणी उतरवायचं नाही अशी किमान पातळी. दोन्हींमधला फरक अठ्ठावीस मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा. जलाशय एकदा भरून उतरला की काठ एवढ्या पट्ट्यात वरखाली होऊ शकतो, आणि हा काठ उताराचा आहे, तीव्र उताराचा. दिवाळीच्या सुमाराला बोट जिथे लागते ती जागा मे महिन्यात डोंगराच्या कमरेवर लटकत असते. खाली गाळ, आणि गाळाच्या खाली पाणी. सपाट जलाशयाच्या काठी पाणी उतरलं की गाळपेर जमीन मोकळी होते, त्यात टरबूज, काकडी, भाजीपाला निघतो. हतनूरच्या, गिरणेच्या फुगवट्याखालची गावं हे अनुभवाने जाणतात. इथे उतारामुळे गाळपेर थोडी, आणि चिखल भरपूर. कधी टापू, कधी डोंगराचा सुळका, कधी चिखलात रुतलेली वाट : एकाच पाड्याची वर्षभरात तीन रूपं होतात. नकाशावर मात्र त्याचं एकच रूप असतं, आणि बहुतेक वेळा ते १३८.६८चं असतं.

जमिनीचं मोजमापही असंच. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९मध्ये निवाडा दिला, त्यातली एक अट अशी, की ज्या खातेदाराची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होते त्याला बदल्यात किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन मिळावी. त्या काळाच्या मानाने ही अट उदार होती, हे मान्य करायला हवं. इतर धरणांवर तेवढंही मिळालेलं नाही. उकाईच्या फुगवट्यात गेलेल्या नवापूर-तळोद्याकडच्या गावांना विचारावं. पण या पंचवीस टक्क्यांत जमीन कुठली धरायची? बुडणारी. जी बुडत नाही, पण जिच्यापर्यंत बैल, नांगर आणि मजूर पोचू शकत नाहीत, तिचं नुकसान या मापात शून्य येतं. टापूत अडकलेल्या जमिनींचा वाद म्हणूनच इतकी वर्षं रेंगाळला. जमीन कोरडी आहे, सात-बाऱ्यावर आहे, आणि पेरता येत नाही. मोजणी करणारा तलाठी खोटं बोलत नव्हता, मालदीवच्या हिशेबनीसांसारखाच.

एक बाजूची गोष्ट सांगतो. घारापुरी, म्हणजे एलिफंटा, मुंबईच्या गेटवेपासून जेमतेम दहा किलोमीटरवर. तिन्ही पाड्यांना समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. तोवर रोज हजारो पर्यटक तिथे जात होते, लेणी जागतिक वारशात १९८७पासून होती, आणि रायगड जिल्ह्याच्या विकासाच्या कुठल्याही सरासरीत त्या तीन पाड्यांचा अंधार दिसत नव्हता. बेट लहान असलं की ते सरासरीत विरघळतं. मुंबईच्या डोळ्यांसमोरच्या बेटाची ही गत, तर मोलगीच्या पलीकडच्या टापूचं काय सांगावं!

मोलगीला जायचं तर अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढावा लागतो. धडगावला तळोद्याकडून जाणारा चांदसैलीचा घाट पावसाळ्यात दरडींसाठी प्रसिद्ध आहे. काठीची राजवाडी होळी पाहायला हल्ली पुण्या-मुंबईचे कॅमेरे येतात ते याच वाटेने, आणि बहुतेक तिथूनच परततात. नदीचा काठ त्याच्याही पुढे, डोंगर उतरून. नंदुरबार जिल्हा नीती आयोगाने २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, उस्मानाबाद. एकोणपन्नास निर्देशक, दर महिन्याला कोण किती पुढे सरकलं याची क्रमवारी. कल्पना वाईट नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर कुपोषणाचा आकडा दर महिन्याला येऊन पडतो, एवढं झालं तरी पुष्कळ. पण एकक जिल्हा आहे. शहाद्याचा ऊस-केळीवाला शेतकरी आणि नर्मदाकाठच्या चिमलखेडीचा वसावे एकाच भागाकारात येतात, आणि शहादा नेहमी जिंकतो.

मग या टापूंवर मोजमाप खरं कोण करतं? याचं उत्तर २०२०मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं, पण मोजमापाची बातमी म्हणून कोणी ते वाचलं नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत अलीघाट आणि दादर इथल्या बाया मुलांना घेऊन चिमलखेडीच्या अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा तिथल्या अंगणवाडी सेविकेने एका मच्छीमाराची लहान नाव मागून घेतली आणि ती स्वतः वल्हवत, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, त्यांच्याकडे जाऊ लागली. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण ती नावेतून नेत काय होती? पोषण आहार, आणि वजनकाटा. मुलाचं वजन, उंची, गरोदर बाईची तपासणी, आणि वहीत नोंद. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित. हा साधा पट्टीचा नियम जगभर चालतो. टापूच्या विकासाचं याहून खरं माप मला तरी ठाऊक नाही. पावसाळ्यात, पातळी चढती असताना, कामधंदा बंद आणि वाट बंद असताना, त्या महिन्यातलं दोन वर्षांच्या पोराचं वजन. त्यात मासे आले का, रेशन पोचलं का, तरंगता दवाखाना फिरकला का, बाप गुजरातेत मजुरीला गेला का, सगळं येऊन बसतं. मार्चमधलं वजन घेतलं तर त्यातलं काहीच कळणार नाही.

आता मासे. पाणी चढल्यावर काठच्या लोकांच्या हाती उरलं ते पाणीच. भिल्ल-पावरा माणसाला नदीतली मासेमारी नवी नव्हती; पण वाहत्या पाण्यातली मासेमारी वेगळी, आणि शंभर मीटर खोल साचलेल्या पाण्यातली वेगळी. खडकाला धरून राहणारा, वाहत्या गार पाण्यातला महसीर मागे हटतो. त्याच्या जागी सरकारी मत्स्यबीज केंद्रातून आलेली कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडायची, ती वाढली की गळजाळ्याने काढायची. विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्या यासाठी. पण जलाशयातल्या माशांचं माप ठरलेलं आहे : हेक्टरी किलो. देशातल्या मोठ्या जलाशयांची सरासरी, १९९५च्या एका प्रसिद्ध अभ्यासाप्रमाणे, वर्षाला हेक्टरी साडेअकरा किलोंच्या आसपास. लहान तलावांची पन्नासच्या जवळ. या मापाने खात्याला कळतं जलाशय किती ‘पिकतो’. त्या माशाचा पैसा काठावरच्या घरात गेला की ठेकेदाराच्या बर्फाच्या ट्रकमधून सुरत-बडोद्याला, हे त्यात येत नाही. दोन तासांची बोट, मग घाट, मग बाजार. बर्फ नसेल तर मासा कवडीमोलाने जातो. टापूवर बर्फ पोचतो का हा निर्देशक एकोणपन्नासांत नाही, आणि मला वाटतं तो असायला हवा होता.

नर्मदेच्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला मध्य प्रदेशात, यापेक्षा चांगलं मोजून दाखवणारी एक संस्था होऊन गेली. तवा धरणातल्या विस्थापितांनी केसल्याला तवा मत्स्य संघ बांधला आणि १९९६च्या अखेरीस जलाशयाचा हक्क झगडून मिळवला. दहा वर्षं त्यांनी तो चालवला. चांगल्या वर्षांत तीनशे टनांच्या वर मासे निघाले. आधीच्या कुठल्याही व्यवस्थेपेक्षा जास्त. मला त्यांच्या उत्पादनापेक्षा त्यांच्या हिशेबाची पद्धत आवडते. किती मासे, याच्या शेजारी किती मच्छीमारांना किती दिवस काम मिळालं आणि किलोमागे त्यांच्या हातात काय पडलं, हे ते लिहीत. १६ जून ते १५ ऑगस्ट, मासा अंडी घालतो त्या दोन महिन्यांत, जाळं बंद; पहारा त्यांचाच. पुढे हा परिसर सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मोजला गेला आणि २००६मध्ये मुदत संपली ती पुन्हा वाढली नाही. वाघांच्या हिशेबात मच्छीमाराला रकाना नव्हता.

वाईट काळ धरून मोजायचं, ही कल्पना खानदेशाला शिकवायला संयुक्त राष्ट्रं नकोत. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारी मोसम, गिरणेवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक : यंदा इथे ऊस, तिथे बाजरी, पुढल्या वर्षी फेरपालट. खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा, पाट साफ करायला घरटी माणूस. ही सगळी रचना दुष्काळाच्या वर्षासाठी आहे. पाणी कमी आलं की पंच ठरवतात, यंदा अमुक फड पडीक. प्रत्येकाचा एक तुकडा जातो, कोणाचंही सगळं जात नाही. चांगल्या वर्षी या पद्धतीचा फायदा दिसतच नाही. उलट कटकट वाटते. सुकाळात फडाची परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती जुनाट वाटली असेल तर नवल नाही. (अभियंते विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला, १८८४-८५च्या सुमाराला, धुळ्याकडे होते आणि पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीला त्यांनी नळाचा सायफन बांधला. पुढे नीरेच्या कालव्यावर त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीचं मूळ फडात आहे असं इकडचे लोक अभिमानाने सांगतात.)

फड मोडत गेला तो वरून. नदीच्या माथ्यावर धरणं झाली, पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्याऐवजी कार्यालय ठरवू लागलं, विहिरी आणि पंप आले. ज्याची स्वतःची विहीर आहे त्याला पंचांचं ऐकण्याचं कारण उरलं नाही. तापीच्या काठच्या रावेर-यावलमध्ये केळीने तेच जमिनीखाली केलं. ठिबकने प्रत्येक झाडाला तासाला किती लिटर हे नेमकं कळू लागलं, आणि शिवारात मिळून विहिरींचं पाणी किती हात खाली गेलं हे कळायला बोअर आटावी लागली. झाडापुरतं माप आहे, गावापुरतं नाही.

गावापुरतं माप अजून जिथे टिकलंय अशी एक जागा साक्री तालुक्यात आहे, बारीपाडा. चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून तिथे बसेस जातात. साडेचारशे हेक्टरांच्या आसपासचं जंगल गावाने १९९०च्या दशकापासून राखलं, ओढ्यांवर दगडी बंधारे घातले. पण मला त्यांची वनभाजी स्पर्धा जास्त महत्त्वाची वाटते, २००४पासून दर पावसाळ्यात होणारी. बाया रानातून भाज्या आणतात, शिजवतात, परीक्षक चव घेतात. बाहेरचा माणूस त्याला खाद्यमहोत्सव म्हणून जातो आणि नागलीची भाकरी खाऊन परततो. बाहेरून वर्षातला सर्वात हिरवा दिसणारा हा काळ कोठीसाठी सर्वात कोरडा, आणि नेमक्या त्याच काळात रान किती देऊ शकतं याची ही मोजणी आहे. कुठली भाजी यंदा मिळाली नाही हे गावातल्या बायांना स्पर्धेच्या दिवशी कळतं, उपग्रहाच्या छायाचित्रात ते दिसत नाही. फरक एवढाच, की बारीपाड्याचं जंगल बारीपाड्याच्या हाती आहे. टापूची पातळी टापूच्या हाती नाही. ती केवडियाला धरणाच्या दरवाजांवर ठरते.

समुद्राचा संबंध शेवटी येतोच. खानदेशाच्या नद्या पश्चिमेला वाहतात. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटरांत खंभातच्या आखाताला मिळते. त्यातले २२८ किलोमीटर महाराष्ट्राचे, आणि ते जवळजवळ सगळे खानदेशातले. गिरणा, वाघूर, अनेर, बोरी, पांझरा, बुराई यांचं पाणी, गाळ, केळीच्या बागांतलं खत, भुसावळ-जळगावचं सांडपाणी, सगळं उकाईत अडत अडत त्याच आखाताकडे जातं. नर्मदेचं मुख भडोचला. तिथला हिल्सा पावसाळी पुराबरोबर नदीत चढून अंडी घालायचा. धरणामुळे गोडं पाणी घटलं आणि मुखाशी खारेपणा आत सरकला तसा तो घटला. भडोचच्या मच्छीमारांची कुटुंबंच्या कुटुंबं त्यावर जगत होती. अक्कलकुव्याचा टापू आणि भडोचची होडी हे एकाच आकड्याचे, १३८.६८चे, दोन शेजारी. नीती आयोगाच्या शाश्वत विकासाच्या अहवालात समुद्रजीवनाचं चौदावं उद्दिष्ट आहे. ते फक्त नऊ किनारी राज्यांसाठी मोजतात, आणि राज्याच्या एकूण गुणांत धरतही नाहीत. महाराष्ट्राला त्यात गुण मिळतात ते पालघर ते सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी. सातपुड्यातून समुद्राकडे किती गोडं पाणी कुठल्या महिन्यात सुटलं हा रकाना गुजरातच्याही तक्त्यात नाही आणि आपल्याही.

तो भरणं अवघड नाही. धरणातून रोज किती पाणी सुटतं याची नोंद होतेच. अंगणवाडीची वही आहेच. मच्छीमार संस्थेकडे रोजच्या मालाच्या पावत्या असतातच. तीन वह्या तीन खात्यांत पडून आहेत : जलसंपदा, महिला-बालविकास, मत्स्यव्यवसाय. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंतची तिन्हींची पानं शेजारी ठेवली तर कुठल्या पातळीला कुठल्या पाड्याचं वजन उतरतं, बोट किती दिवस बंद राहते, जाळं कधी रिकामं येतं, हे एका तालुक्याच्या कार्यालयात बसून कळेल. त्यासाठी नवा निर्देशांक नको. अक्कलकुव्याच्या पंचायत समितीत एक टेबल लागेल, आणि चिमलखेडीहून वही घेऊन येणाऱ्या बाईला त्या टेबलाशी बसायला खुर्ची. तिचं बोटभाडं कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचं हे मात्र आधी ठरवावं लागेल.